बघितल्याशिवाय हात सोडायचा नाही

दादा, फोटो मी निवडला. वहिनीला तुझा तो वर्दीतला लावायचा होता, छाती पुढे काढलेला, डोळे वटारलेले. मी म्हटलं, तेराव्यापर्यंत आल्यागेल्याला घाबरवायचंय का? म्हणून माझ्या दुकानातला लावला. त्यात तू माझं शिलाई मशीन उताणं पाडून त्याच्या पोटात हात घातलायस, आणि माझ्याकडे हुक-काजाचं काम करणाऱ्या नसीमने हाक मारली म्हणून मान वर केलीयस. नाकाला तेल लागलंय. आलेला प्रत्येक जण फोटोपुढे हात जोडायचा आणि मग हळूच मला विचारायचा, "नाकाला काय लागलंय?" तुझी शप्पथ, मला हसू आवरेना. मग रडू आलं ते वेगळंच.

मुलुंडमध्ये सगळे तुला फौजी म्हणायचे. तू सीमेवर खंदकात बसून गोळ्या झाडल्यास असंच बिल्डिंगमधल्या पोरांना वाटायचं, आणि तू हो पण म्हणायचा नाहीस, नाही पण म्हणायचा नाहीस, लबाड! खरं मला ठाऊक होतं. तू आर्मोरर होतास. फौजेत रायफली ज्या खोलीत ठेवतात तिला कोत म्हणतात, त्या कोतात तुझी सगळी नोकरी गेली. बाकीच्यांनी रायफली चालवायच्या, तू त्या खोलायच्या, पुसायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत द्यायच्या. पहिल्या सुट्टीत तू हे आईला समजावून सांगितलंस तर ती म्हणाली होती, "म्हणजे तू थंय भांडी घासतंस?" तू जेवायचा थांबला होतास, एवढा राग आला होता तुला.

मला रायफल कळली ती तुझ्या स्वयंपाकघरात. वहिनी पोळ्या करत होती, कुकर लावलेला होता, आणि मी उगाच विचारलं, एक गोळी सुटल्यावर दुसरी आपोआप आत येते कशी रे? झालं! तू लाटणं उचललंस. म्हणालास, गोळी सुटते ती मागच्या कोंडलेल्या वाफेनं, ह्या कुकरसारखी. त्या वाफेतली थोडी नळीच्या वरच्या भोकातून बाजूला घ्यायची. ती ह्या दांड्याला मागे ढकलते. दांडा मागे गेला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग दांड्याला पुन्हा पुढे आणते, येताना तो पुढची गोळी आत घेऊन बसवतो. "म्हणजे गोळीच पुढच्या गोळीला जागा करून देते," असं म्हणून तू लाटणं पुढे-मागे केलंस आणि पिठाचा डबा पाडलास. वहिनीनं लाटणं हिसकावून घेतलं आणि तुला बाहेर हाकललं.

तू बाहेर येऊन पुन्हा सुरूच. म्हणालास, ज्यानं ही घडवली त्याला चिखल माहीत होता. सगळे भाग अगदी घट्ट बसवले असते तर कणभर वाळूनं अडकली असती. म्हणून मुद्दाम थोडी सैल ठेवायची. मी म्हटलं, म्हणजे ब्लाउजला लूझिंग ठेवतो तसं. तू असा खूश झालास! "हां! लूझिंग! बरोब्बर!" नंतर कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होतास, रायफलीला लूझिंग असतं, आमच्या शालूला विचारा. मला कशाला विचारतील ते, मी मुलुंडला ब्लाउज शिवते.

आणि मग मी ते म्हटलं, जे नेहमी म्हणायचे. "एवढं डोकं, एवढी काळजी, आणि सगळं माणूस मारायला."

"ज्याच्या हातात देतो तो जिवंत परत यावा म्हणून."

"आणि समोर असतो तो?"

"तुका काय कळता गो त्यातला!" चिडलास की तुझी मालवणी सुटायची. मग गॅलरीत जाऊन बसायचास. हे भांडण आपण गणपतीत केलं, तुझ्या ऋतूच्या बारावीच्या निकालाला पेढे खाता खाता केलं, आईच्या वर्षश्राद्धाला केलं, तेव्हा भटजी मध्ये पडले. तू कधी जिंकला नाहीस आणि मीही नाही. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, सांगून ठेवते. तू नाहीस म्हणून मी काय तुझं ऐकणार नाहीये.

रिटायर झालास आणि माझ्या दुकानाची वाट लागली. म्हणजे आधी वाटलं वाट लागली. दुकान बंद असायचं त्या दिवशी येऊन तू चारही मशीन खोलायचास. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर डावीकडून उजवीकडे ओळीनं सगळे भाग, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. उलट्या क्रमानं परत जोडायचे. प्रत्येक भागावर पांढऱ्या रंगानं मशीनचा नंबर घातलास. एकदा नसीमनं दोन नंबरची बॉबिन केस तीन नंबरला लावली तर तू असा ओरडलास की बिचारी रडायला लागली. "एकीचा पार्ट दुसरीला लावायचा नाही! त्या एकमेकींत झिजलेल्या असतात!" मग तिच्यासाठी स्वतः जाऊन फालुदा घेऊन आलास. नसीम अजून नंबर बघूनच बॉबिन घालते.

तेलावरून तर आपलं रोजचं. मी धार सोडणार, तू मागून फडकं घेऊन पुसणार. "तेल दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. जास्त तेल धूळ धरतं, आणि वर थंडीत गोठून बसतं." मी म्हणायचे, दादा, हे मुलुंड आहे, इथे काय गोठणार, माझं डोकं? फडक्याच्या चौकोनी तुकड्यांना तू चिंदी म्हणायचास. रायफलीच्या नळीतून दोरीला बांधून जी ओढतात तीच चिंदी. माझ्या कतरणीतून मापात कापून, घडी घालून, बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवल्यायस. डबा तसाच आहे. कुणाला हात लावू देत नाही मी.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते तुझ्या त्या सवयीबद्दल. तीच, जिच्यावरून आम्ही सगळे तुझी टिंगल करायचो.

कोतात रायफल हातात द्यायची तुमची रीत होती. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, गोळी बसते ते चेंबर उघडायचं, समोरच्याच्या डोळ्यापुढे धरायचं. आत गोळी नाही हे मी बघितलंय, आता तू बघ. तो वाकून बघत नाही तोवर हात सोडायचा नाही. मी म्हटलं होतं, एकमेकांवर एवढासुद्धा विश्वास नाही का तुमचा? तू म्हणालास, "विश्वास असला तरी बघायचं. आणि माझ्या मनासारखी झाली नसेल तर मी ती कुणाच्या हातात देतच नाही, मग साहेब ओरडू दे नाहीतर कुणी."

घरी येऊन तू हे सगळ्याला लावलंस. ऋतू बालवाडीत जायची तेव्हा डबा द्यायचास तो झाकण उघडून. ती एवढीशी पोर, दोन वेण्या, वाकून गंभीरपणे आत बघायची, "बघितलं" म्हणायची, मग तू सोडायचास. वहिनीची पर्स तशीच, माझी कात्री तशीच. समोरच्या काकूंची इस्त्री तर अख्ख्या बिल्डिंगनं बघितली. त्यांनी दुरुस्तीला दिली आणि तुला तिची वायर पसंत पडेना. हवी तशी मिळत नाही तोवर देणार नाही म्हणून बसलास. काकू दारात येऊन भांडल्या, "अहो, इस्त्री माझी आहे!" तू शांतपणे म्हणालास, "इस्त्री तुमचीच आहे, पण हात माझे आहेत." पावसाळा गेला, दसरा गेला, काकू चुरगळलेल्या साड्या नेसून तुझ्यासमोरून मुद्दाम जायच्या. तू बधला नाहीस. दिलीस ती शेवटी वायर बदलूनच, आणि प्लग त्यांच्या डोळ्यापुढे धरून.

आणि मग ऋतूनं भरतीचं काढलं.

तुझी मुलगी, तुझ्यासारखीच हट्टी. कॉलेज झालं, सकाळी उठून धावायला जायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं वजनासाठी जाते. सीमेवर जाणाऱ्या दलात मुलींची भरती निघाली होती, आणि हिनं लेखी दिली, मैदानी दिली, दोन्हीत निघाली, आणि मग सांगितलं. तू ताटावरून उठलास. "नाही," एवढंच. का नाही ते सांगितलं नाहीस. पोर तुझ्यापुढे हात जोडून उभी, "बाबा, तुमच्याचमुळे मला हे आवडतं," आणि तू नुसता हात धुतोयस, धुतोयस.

मी तुझ्यावर तुटून पडले हे तुला वेगळं सांगायला नको. मुलगी म्हणून ना? मुलगा असता तर पेढे वाटले असतेस ना? वहिनीनंही तेच धरलं, ऋतूनंही तेच. मग एका दुपारी दुकानात, मशीन चादरीवर खोलून पडलेलं असताना, मी पुन्हा तेच उकरलं तेव्हा तू बोललास. मान वर न करता बोललास, चिंदीनं दांडा पुसत.

एक रायफल वरून, पहाडावरून, परत आली होती. जिच्यासोबत गेली तो मुलगा आला नव्हता. फार टापटिपीचा पोरगा, रायफल जमा करताना इतकी स्वच्छ आणायचा की तुला काम उरायचं नाही. पट्टा लांब होतो म्हणून त्यानं पट्ट्याला एक गाठ मारली होती. तू सगळं साफ केलंस, आणि शेवटी ती गाठ सोडवायची होती. ती सुटेना. दातांनी सोडवलीस. मग तीच रायफल, त्याच नंबराची, दुसऱ्या मुलाला दिलीस, चेंबर उघडून, दाखवून. त्यानं बघितलं, तू हात सोडलास. तोही आला नाही, रायफल आली.

"रायफलीत काही खोट नव्हती, शाले. दोन्ही वेळा नीटच चालली होती. मी माझ्या हातांनी तपासली. मी दिलेली वस्तू नीट होती तरी पोरं आली नाहीत. आता ऋतूला कोण देणार रायफल? माझ्यासारखाच कुणीतरी. नीट करूनच देईल तो. त्याची काही चूक नसणार." मग म्हणालास, "घरात बोलू नको हे." मी मान डोलावली. तुझ्या हातातला दांडा केव्हाच स्वच्छ झाला होता तरी तू पुसत होतास. मला तुला जवळ घ्यावंसं वाटलं होतं, पण आपल्यात तसली पद्धत नाही, म्हणून मी चहा सांगितला.

त्यानंतर मी तुझ्याशी ह्यावरून भांडले नाही. कशी भांडणार होते?

ऋतूची मेडिकल होती त्या सकाळी मी तिची ट्रॅक पँट आखूड करून द्यायला तुमच्याकडे आले. तुम्ही बापलेक किती तरी दिवस कामापुरतं बोलत होतात. तू खुर्चीत बसला होतास आणि तिची सॅक तुझ्या मांडीवर होती. पट्टा उसवला होता तो तू माझ्याच दुकानात येऊन शिवला होतास, दुहेरी टीप मारून. मला वाटलं, बरा आहे हा, जा म्हणत नाही आणि सॅक शिवतो. ऋतू बूट घालून आली. तू सगळ्या चेन उघडल्यास, मोठा कप्पा, छोटा कप्पा, बाटलीची बाजू, आणि सॅक तिच्यापुढे धरलीस. तिनं ओढली. तू सोडली नाहीस. "बाबा, उशीर होतोय," ती वैतागून म्हणाली. तू धरूनच. मग ती वाकली, आत बघितलं, आणि तू हात सोडलास. उठून आंघोळीला गेलास. नीट जा नाही, काही नाही. मी जिना उतरताना तुला चार शिव्या घातल्या. आता वाटतं, तुझ्या तोंडावर घातल्या असत्या तर निदान तू काहीतरी बोलला असतास.

त्याच आठवड्यात तू सकाळचा चहा घेऊन गॅलरीत बसलास तो बसलासच. वहिनी कप न्यायला आली तेव्हा चहा तसाच होता.

ऋतू मेडिकलमध्ये पास झाली. ट्रेनिंगला हजर व्हायचं बोलावणं तेराव्यानंतर आलं. तिनं ते वाचलं आणि घडी घालून देवाजवळ ठेवून दिलं. "मी जाणार नाही. बाबा नाही म्हणाले होते." एवढी हट्टी पोर, तू असतास तर तुझ्याशी उभी भांडून गेली असती. गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं ते तिला येत नव्हतं. वहिनी म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं ते म्हटलं. आता विचारायचं कुणाला?" आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या, जणू तू मला निरोप ठेवून गेला असशील. माझ्याकडे तुझं 'नाही' होतं, कारणासकट. पुढे काही बदललं असेल तर ते तू मला सांगितलं नव्हतंस. मला इतका राग आला ना तुझा! फोटोसमोर उभी राहून म्हटलं, मेल्या, एक शब्द टाकून जायला काय झालं होतं?

मग परवा ती दुकानात आली. सॅक घेऊन. "आत्या, ही इथे ठेव. घरी दिसली की त्रास होतो. कुणाला लागली तर देऊन टाक." असं म्हणत तिनं सॅक काउंटरवर ठेवली, सगळ्या चेन उघडल्या, मोठा कप्पा, छोटा कप्पा, बाटलीची बाजू, आणि माझ्यापुढे धरली. मी घ्यायला गेले तर येईना. मी ओढली. तिनं सोडली नाही.

"बघ ना आधी," ती म्हणाली.

दादा, मी सॅक तशीच धरून ठेवली. मी तिला विचारलं, त्या दिवशी बाबांनी सॅक कशी दिली तुला?

"कशी म्हणजे? नेहमीसारखी."

"सोडली कधी?"

"मी आत बघितल्यावर." आणि मग तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

मी म्हटलं, "काकूंची इस्त्री आठवते? काकू दारात येऊन भांडल्या, दिली का त्यांनी? मनाविरुद्ध तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणाच्या हातात एक वस्तू तरी दिली का गं? साहेब ओरडले तरी दिली नाही. पट्टा त्यांनीच शिवला. कप्पे त्यांनीच उघडले. तुला द्यायची नसती तर तू ओढत बसली असतीस दिवसभर." आणि मग तुझा शब्द मी मोडला. रायफलीचं सांगितलं, दोन्ही पोरांचं, पट्ट्याच्या गाठीचं, सगळं. मुलगी म्हणून नव्हतं गं, म्हटलं, घाबरला होता तुझा बाप. ती काउंटरवर डोकं ठेवून रडली आणि मीही रडले. नसीमनं काही न विचारता शटर अर्धं खाली ओढलं.

संध्याकाळी वहिनीलाही सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्याजवळ झोपले, आणि मला नाही सांगितलं?" तिचा राग खरा आहे, त्याचं उत्तर तू द्यायचं होतंस. मग उठली, कपाट उघडलं आणि आतूनच ओरडली, "तिला विचार गं शालू, चादर पातळ लागेल की जाड?"

तुझा शब्द मोडला त्याचं मला काही वाटत नाहीये. ये आणि भांड.

कदाचित मी चुकत असेन. नुसत्या सवयीनं सुटला असेल तुझा हात, तू थकला असशील, पोरीच्या तोंडाकडे बघवलं नसेल. आणि आपलं ते भांडण आहेच. उद्या तिच्या हातात जी येईल तिच्यासमोर कुणीतरी असेलच, कुणाचा तरी मुलगा, हे मी तिलाही सांगितलंय. ती म्हणाली, "माहीत आहे आत्या." तुझ्यासारखी गॅलरीत गेली नाही. माझ्यासमोर बसून राहिली. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत, पण ते कसे मानतात तेही आपल्याला ठाऊक नाही.

उद्या सकाळी ती निघणार. सॅक मी भरलीय, पट्टा ओढून बघितलाय, तुझी दुहेरी टीप जागची हललेली नाही. छोट्या कप्प्यात तुझ्या डब्यातल्या चिंद्या घातल्यात मूठभर. ऋतू म्हणाली, "आत्या, तू दे. बाबा द्यायचे तशी."

देईन ना. सगळ्या चेन उघडेन, तिच्यापुढे धरेन. ती वाकून आत बघेल, "बघितलं" म्हणेल. तिथपर्यंत सगळं येतं मला, इतकी वर्षं तुझी टिंगल करता करता पाठ झालंय. त्याच्यापुढचं तेवढं राहिलं विचारायचं. दादा, तू हात सोडलास कसा रे?